इंजिनिअरिंग झालं, खानापूरला घरी परतले, पाच महिने नोकरी नाही: काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. व्हीटीयूची (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची) मेकॅनिकलची डिग्री, कॉलेज बेंगळुरूत, जुलैत निकाल. पीजीचं भाडं परवडेना म्हणून बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या गावी परत. पोर्टलवर दोनशेच्या वर अर्ज केले, फोन दोनच आले, तेही कोर्स विकणाऱ्यांचे. घरी रोज ‘काय झालं?’, मध्येच सुगी, पाहुणे स्थळाचं विचारतात. पुन्हा बेंगळुरूला किंवा पुण्याला जाऊन खोली घ्यावी का, की इथंच थांबावं?

माझं मत आधी सांगतो: हातात ठरलेले इंटरव्ह्यू नसताना खोली घ्यायला जाऊ नकोस. घरी राहण्याने भाडं आणि जेवण वाचतं, ही नोकरी शोधणाऱ्याकडची सर्वात मोठी रक्कम असते. पण घरी बसून बेंगळुरू-पुण्यातल्या जागांना मोबाइलवरून अर्ज टाकत राहणं यात घरचा फायदा काहीच मिळत नाही, तोटा मात्र पुरेपूर होतो. घरापासून बसने जाता येईल अशा पट्ट्यात आधी वर्ष-दीड वर्षाचा कामाचा अनुभव मिळवायचा, मग त्या अनुभवावर पुणे-बेंगळुरू मागायचं. मेकॅनिकलवाल्यांसाठी बेळगाव ही त्या बाबतीत चांगली जागा आहे, आणि आपल्याच मुलांना ती दिसत नाही.

पट्टा कोणता ते बघ. बेळगावच्या तिसऱ्या रेल्वे गेटपलीकडे उद्यमबाग, खानापूर रोडवरच पुढे मच्छे. हायवेला होनगा. फाउंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिक्स आणि गाड्यांचे सुटे भाग करणारे कारखाने इथं एकमेकांना लागून आहेत: एकजण ओततो, शेजारचा मशिनिंग करतो, तिसरा प्लेटिंग करून पाठवतो. पुण्याच्या दिशेने चाळीसेक किलोमीटरवर हत्तरगीला विमानांचे भाग बनवणाऱ्या ‘एकस’ (Aequs) कंपनीचं सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र आहे. चंदगडच्या बाजूला वीसेक किलोमीटरवर शिनोळीची एमआयडीसी. निपाणीकडची मुलं कागल पंचतारांकित एमआयडीसीला रोज जाऊन-येऊन करतात, तुला तिकडचं अंतर जास्त पडेल. यातल्या लहान आणि मध्यम कारखान्यांच्या बहुतेक जागा पोर्टलवर येतच नाहीत. कुणी सोडून गेलं की सुपरवायझर ओळखीत विचारतो, फार तर ‘तरुण भारत’मध्ये छोटी जाहिरात येते, आणि आठवड्यात जागा भरते. दोनशे अर्जांना उत्तर न येण्याचं हे अर्धं कारण.

दुसरं अर्धं कारण प्रोफाइलमध्ये असतं. पत्त्यात गावाचं नाव, पोस्ट, तालुका असं सगळं लिहिलेलं असतं. एचआरवाला ठिकाणानुसार गाळणी लावतो, त्यात तू पहिल्याच फेरीत बाद होतेस. स्थानिक अर्जाला नुसतं ‘बेळगाव’ लिही. पुण्याच्या अर्जाला ‘बेळगाव, ७ दिवसांत पुण्यात रुजू होऊ शकते’ असं लिही. पोर्टलवर नोटीस पीरियड ‘१५ दिवस किंवा कमी’ हाच पर्याय निवड आणि प्रोफाइलमधला एखादा शब्द रोज सकाळी बदलून सेव्ह कर, म्हणजे ते ताज्या प्रोफाइलमध्ये वर राहतं. रेझ्युमे एका पानाचा. ‘ऑब्जेक्टिव्ह’चा परिच्छेद काढून टाक, तो कुणी वाचत नाही. प्रोजेक्टच्या नावाखाली चौघांनी मिळून काय केलं ते नको. तू स्वतः काय केलंस ते दोन ओळींत लिही: कोणता भाग मॉडेल केला, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये, काय मोजलं, काय चुकत होतं. बॅकलॉग राहिले असतील आणि सुटले असतील तर ‘सर्व विषय उत्तीर्ण’ लिही, नाहीतर समोरचा वाईटच गृहीत धरतो.

आता कारखान्यांच्या गेटवर जाण्याबद्दल. हे काम नेट लावून केलं तर उद्यमबाग आणि मच्छे दहा-बारा दिवसांत पायी पालथं घालता येतं. सकाळी साडेदहा ते साडेबारा ही वेळ बरी. त्याआधी शिफ्ट लावण्याची गडबड असते, जेवणानंतर माणूस भेटत नाही. महिन्याचे शेवटचे चार दिवस डिस्पॅचची धांदल आणि पहिल्या आठवड्यात पगाराचं काम, म्हणून १० ते २५ तारीख धर. बरोबर रेझ्युमेच्या प्रती, सगळ्या सेमिस्टरच्या मार्क्सकार्डांचा एक झेरॉक्स संच, आधारची प्रत, दोन फोटो. मूळ कागद घरीच. वॉचमनकडे रेझ्युमे ठेवून आलीस तर तो ड्रॉवरमध्येच राहतो. त्याला विचारायचं ते एवढंच: क्वालिटी किंवा प्रॉडक्शन कोण बघतं, त्यांचं नाव काय, रेझ्युमे कुठल्या ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवू? नाव मिळालं की फेरी वसूल झाली. त्याच संध्याकाळी त्या नावाने पाठवायचं आणि सहा-सात दिवसांनी एकच फोन. वहीत कारखान्याचं नाव, तिथं काय बनतं, कुणाशी बोलणं झालं आणि पुढची तारीख एवढे चार रकाने पुरतात. बसचा खर्च तुला नाही. शक्ती योजनेत जून २०२३ पासून राज्याच्या साध्या बसमध्ये राज्यातल्या बायका-मुलींना तिकीट लागत नाही, त्यामुळे बेळगावच काय, हुबळी-धारवाडच्या इंटरव्ह्यूलाही खिशाला चाट नाही. भावाने विचारलं तर त्याला मात्र पास काढावा लागेल.

आत बोलावलं तर काय होतं? टेबलावर व्हर्नियर (सरकपट्टीचं मोजमापाचं साधन) ठेवतात, एक जॉब, म्हणजे मशिनिंग केलेला भाग देतात आणि ड्रॉइंग पुढे सरकवतात. ड्रॉइंगवर समज ‘ø२५ एच७’ असं भोक दाखवलेलं आहे. याचा अर्थ माप २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या मध्ये हवं, म्हणजे सगळी मोकळीक (टॉलरन्स) २१ मायक्रॉनची, म्हणजे ०.०२१ मिलिमीटरची. मग विचारतात, हे व्हर्नियरने तपासशील का? निम्मी मुलं ‘हो’ म्हणून व्हर्नियर आत घालतात. व्हर्नियरचं लघुत्तम माप ०.०२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ टॉलरन्सएवढंच, त्याने हे भोक पास की रिजेक्ट सांगता येत नाही. उपकरणाचं लघुत्तम माप टॉलरन्सच्या दहाव्या हिश्शाएवढं हवं, हा शॉपमधला ठोकताळा. म्हणून इथं ०.००१चा बोअर गेज, नाहीतर गो-नोगो प्लग गेज (एक टोक आत जायला हवं, दुसरं जाता कामा नये). पुढचा प्रश्न ठरलेला असतो: यात ‘जी६’चा शाफ्ट बसवला तर? शाफ्ट २४.९८० ते २४.९९३, म्हणजे कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉनची फट, शाफ्ट मोकळा फिरतो. हे तोंडपाठ नसलं तरी चालेल, पण तक्ता उघडून काढता आलं पाहिजे. फाउंड्री असेल तर ब्लोहोल आणि श्रिंकेज यातला फरक विचारतात. पहिला वायू अडकल्याने, वाळूत ओल जास्त असली की हमखास. दुसरा होतो तो धातू थंड होताना आकसतो आणि रायझरमधून, म्हणजे साच्यातल्या जादा धातूच्या साठ्यातून पुरवठा कमी पडतो तेव्हा. कोल्ड शट (धातूचे दोन प्रवाह एकजीव न झाल्याची रेघ) दिसला तर ओतण्याचं तापमान कमी पडलं का ते आधी बघतात. कॉलेजात हे झालेलं असतं, पण परीक्षेपुरतं. चार संध्याकाळी बसून पुन्हा हाताखालून घाल. शक्य असेल तर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर कुणाचा तरी मागून घे आणि घरातल्या वस्तू मोज. उपकरणाची शून्य चूक (बंद असताना शून्य दाखवतं का) बघायला विसरणारे इंटरव्ह्यूत तिथल्या तिथे पकडले जातात.

शॉपफ्लोअरवर मराठी चालतं, पण गोकाक, बैलहोंगलकडची कामगार मंडळी कन्नड बोलतात आणि क्वालिटीच्या माणसाला त्यांच्याशीच दिवसभर बोलायचं असतं. वाचता-लिहिता आलं नाही तरी बोलता यायला हवं. शाळेतलं कन्नड विसरली असशील तर ते वर काढ. ‘कन्नड येतं का?’ला ‘समजतं’ हे उत्तर पुरत नाही.

मुली शॉपमध्ये नको, असं म्हणणारे मालक अजून आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ दवडू नकोस. क्वालिटी, डिझाइन, पर्चेस, प्लॅनिंग यात मुली सर्रास दिसतात, तिथून आत शिर. विचारून घ्यायचं ते वेळेचं: शिफ्ट किती वाजता सुटते, ओव्हरटाइमला थांबवलं तर सोडायची सोय कोण करतं. तुझ्या गावाची शेवटची बस किती वाजता आहे हे इंटरव्ह्यूच्या आधी माहीत हवं. रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी ‘बस चुकते’ म्हणून नोकरी सोडलेली मुलं दर वर्षी असतात.

अप्रेंटिसशिपकडे नाक मुरडू नकोस. नॅट्स या केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर डिग्रीवाल्यांसाठी वर्षभराची अप्रेंटिसशिप असते. २०१९च्या नियमांनी पदवीधराला किमान ९,००० आणि डिप्लोमाला किमान ८,००० विद्यावेतन ठरवलं, सध्याचा आकडा पोर्टलवर बघ. मोठ्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून वर्ष काढणं हे लहान शॉपमध्ये ‘ट्रेनी’ म्हणून काढण्यापेक्षा रेझ्युमेवर जड दिसतं. पण लहान शॉपमध्ये वर्षभरात पाच विभागांची कामं अंगावर पडतात, हेही खरं. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर शिकवणारा वरिष्ठ कोण आहे ते बघून ठरव.

कोर्सचे फोन आले म्हणालीस. प्लेसमेंटची हमी देऊन साठ-सत्तर हजार घेणाऱ्याला एकच प्रश्न विचार: मागच्या तुकडीतल्या तीन मुलांची नावं आणि ती कुठं कामाला आहेत ते सांगा, मी त्यांच्याशी बोलते. बहुतेक फोन तिथंच संपतात. शिकायचंच असेल तर सरकारी टूल रूमचं, म्हणजे जीटीटीसीचं केंद्र बेळगावात आहे, सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) किंवा सीएमएम (मोजमापाचं मशीन) यांचे छोटे कोर्स कधी सुरू होतात ते तिथं जाऊन विचार. नोकरीसाठी डिपॉझिट मागणाऱ्याला नकार. मूळ मार्क्सकार्ड ठेवून घेतो म्हणणाऱ्यालाही नकार, कितीही मोठी पाटी असली तरी.

सरकारी परीक्षांचं सीमाभागात जरा वेगळं गणित आहे, म्हणून सविस्तर. कर्नाटक सरकारच्या भरतीत कन्नडची सक्तीची परीक्षा असते: १५० गुणांची, किमान ५० हवेत, त्याशिवाय बाकीचे पेपर धरत नाहीत. मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) केलेल्यांना ५० अशक्य नाहीत, पण महिनाभर निबंध आणि पत्रलेखन हाताने लिहून काढावं लागतं. बँकांच्या क्लार्कच्या परीक्षेत एकाच राज्याच्या जागांना अर्ज करता येतो आणि त्या राज्याची भाषा यावी लागते. दहावी किंवा बारावीच्या मार्क्सकार्डावर ती भाषा असेल तर भाषेची चाचणी लागत नाही. आपल्याकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांच्या एसएसएलसी मार्क्सकार्डावर मराठी आणि कन्नड दोन्ही असतात. म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही दारं उघडी आहेत, कुठं जागा जास्त आहेत ते बघून राज्य निवड. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांना, महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या उमेदवारांना १५ वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर अर्ज करता येतो. हा १० जुलै २००८चा शासन निर्णय, आणि जाहिरातींत तो ‘सीमाभागातील उमेदवार’ या मथळ्याखाली येतो. तुझ्या गावाचं नाव यादीत आहे का आणि दाखल्याचा नमुना कोणता ते जाहिरातीवरून नक्की कर. दाखला काढायला वेळ लागतो, शेवटच्या आठवड्यात धावू नकोस. केंद्राच्या नोकरीत राज्याचं जातप्रमाणपत्र जसंच्या तसं चालत नाही: कर्नाटकाच्या मागासवर्ग यादीतल्या ३-बी गटात असलेली प्रत्येक जात केंद्राच्या ओबीसी यादीत असतेच असं नाही, आणि केंद्राचा नमुना वेगळा. तरीही माझा सल्ला असा की सरकारी परीक्षा हे एकमेव काम करू नकोस. नोकरी लागल्यावर सकाळचे दोन तास त्याला दे. वर्षानुवर्षं ‘तयारी चालू आहे’ म्हणणाऱ्याचा रेझ्युमे खासगीत हळूहळू बाद होत जातो.

युवा निधीचा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या बेरोजगार भत्त्याचा अर्ज कर. २०२३ पासून पास झालेल्या, कर्नाटकात किमान सहा वर्षं शिकलेल्या आणि निकालानंतर १८० दिवस नोकरी नसलेल्या पदवीधरांना महिना ३,००० रुपये मिळतात (डिप्लोमाला १,५००), जास्तीत जास्त दोन वर्षं. अर्ज सेवा सिंधू या राज्य सरकारच्या पोर्टलवर. तुझा निकाल जुलैचा, म्हणजे जानेवारीत पात्र ठरशील. मध्ये मध्ये नोकरी नसल्याची स्वयंघोषणा द्यावी लागते, आणि अप्रेंटिसचं विद्यावेतन सुरू झालं की हे बंद. खोटी घोषणा केली तर वसुली होते.

आता घरचं. ‘काय झालं?’ हा प्रश्न रोज येतो कारण तुझं काम त्यांना दिसत नाही. मोबाइल हातात घेऊन बसलेली मुलगी अर्ज करते आहे की रील बघते आहे, हे चुलीपाशी उभ्या असलेल्या आईला कसं कळणार? रविवारी जेवणानंतर दहा मिनिटं वही उघडून सांग: या आठवड्यात एवढ्या ठिकाणी गेले, एवढ्यांनी उत्तर दिलं, पुढच्या आठवड्यात इथं जाणार. रोजचे प्रश्न आपोआप कमी होतात. त्याच बैठकीत तारीख ठरव, समज मार्चअखेर, आणि तोपर्यंत स्थळाचा विषय घरात काढायचा नाही, हे बाबांकडून वदवून घे. पाहुण्यांना उत्तर त्यांनीच द्यायचं. तारीख तू दिलीस की त्यांनाही सांगायला काहीतरी मिळतं.

शेताच्या कामाला सरसकट नाही म्हणू नकोस, ते टिकत नाही. भाताची कापणी-मळणी चार-आठ दिवसांची असते, ते दिवस आधीच देऊन टाक आणि त्या बदल्यात बाकीच्या दिवसांचे सकाळी नऊ ते एक हे तास मागून घे. त्या वेळात दळणही नाही आणि पाहुण्यांना चहाही नाही. पैसे रोज मागितले तर रोज हिशेब द्यावा लागतो. त्यापेक्षा महिन्याचा आकडा एकदाच: रिचार्ज, झेरॉक्स, परीक्षा फी, बाहेरचं एखादं जेवण, सगळं धरून दीड-दोन हजारांत बसायला हवं.

मामा-काकांच्या ओळखीला लाजू नकोस, फक्त मागणी नेमकी ठेव. ‘कुठंतरी लावा’ म्हटलं की काका ‘बघतो’ म्हणतात आणि विषय संपतो. त्यांना पुढे ढकलता येईल असा मेसेज लिहून दे: ‘माझी पुतणी, बी. ई. मेकॅनिकल, व्हीटीयू २०२५, क्वालिटी किंवा डिझाइनमध्ये काम बघते आहे, लगेच रुजू होईल. रेझ्युमे सोबत आहे. आपल्याकडे किंवा ओळखीत जागा असेल तर क्वालिटीच्या कुणाशी बोलावं ते सांगाल का?’ नोकरी मागितली की माणूस अवघडतो, एक नाव मागितलं की देतो.

फोनची शिस्त जमव. एचआर एकदाच फोन करतो. अनोळखी नंबर, विशेषतः ०८०, ०२० आणि ०८३१ चे, सोडायचे नाहीत. राहिलाच तर दहा मिनिटांत उलटा फोन आणि सोबत एक ओळीचा मेसेज. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूचं गाव असेल तर रेंज आणि करंट दोन्हींचा भरवसा नाही, पावसाळ्यात तर नाहीच. व्हिडिओ इंटरव्ह्यू गावातून देऊ नकोस. खानापुरात किंवा बेळगावच्या टिळकवाडीत कुणा नातेवाइकाकडे आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन कॉल लावून बघ, लॅपटॉप पूर्ण चार्ज, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार. पुण्या-बेंगळुरूला जायचंच असेल तर तीन-चार इंटरव्ह्यू एकाच आठवड्यात गोळा करून जा. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस रात्रीत बेंगळुरूला सोडते, मैत्रिणीकडे पाच दिवस काढ आणि परत ये.

ऑफर आली की आकड्यावर जाऊ नकोस. समज महिना २०,००० सीटीसी (कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च) सांगितला आणि मूळ पगार १२,००० आहे. त्यातून मालकाच्या वाट्याचा पीएफ १,४४०, ग्रॅच्युइटी सुमारे ५७७ आणि ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) सव्वातीन टक्के आधीच वजा, म्हणजे एकूण पगार १७,४००च्या आसपास. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ १,४४० आणि ईएसआय पाऊण टक्का, सुमारे १३१. हातात १५,८५०च्या आत. घरी ‘वीस हजार’ सांगून बसलीस तर पहिल्याच महिन्यात वाद. ऑफर लेटरवर कंपनीचं नाव आहे की कंत्राटदाराचं, तेही बघ. अनुभवाचं पत्र ज्याचं नाव त्याचंच मिळतं. बॉन्ड असेल तर किती महिने आणि मोडल्यास किती रुपये, हे दोन आकडे वाचल्याशिवाय सही नको.

नावाचं काम मात्र आजच करून टाक. आपल्या मार्क्सकार्डावर स्वतःचं नाव, वडिलांच्या नावाचं एक अक्षर आणि आडनाव असतं. आधारवर वडिलांचं पूर्ण नाव, आणि बँकेत आडनाव आधी. पीएफचा यूएएन (कायमचा खाते क्रमांक) काढताना नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी जुळावं लागतं, नाहीतर केवायसी अडकते आणि पुढे पैसे काढताना सगळं निस्तरत बसावं लागतं. मार्क्सकार्ड बदलणं सगळ्यात अवघड, म्हणून ते प्रमाण धर आणि आधार, मग पॅन, मग बँक या क्रमाने त्याच्याशी जुळव. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा केंद्रावरच्या ऑपरेटरने टाइप केलेलं स्पेलिंग पावतीवर सही करण्याआधी अक्षर न् अक्षर वाचून घे. व्हीटीयूचं प्रोव्हिजनल सर्टिफिकेट अजून आलं नसेल तर त्याचाही पाठपुरावा याच आठवड्यात कर. विद्यापीठाचं मुख्य कार्यालय मच्छेलाच आहे, गेटवरच्या फेऱ्यांमध्ये एक दुपार तिकडे काढ.